सोवळ्यातले बुवा

अनंतबुवा शिरढोणकर वारल्यानंतरही निंबघाटच्या नृसिंहाच्या देवळात चार वर्षं कीर्तन करत होते, आणि त्यात नवल वाटणं गावाने केव्हाच सोडून दिलं होतं. गादीशेजारी समई, समईमागे स्पीकर आणि त्यातून बुवांचा तो खर्जातला, किंचित कफ धरलेला आवाज. पहिल्या वर्षी बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या. दुसऱ्या वर्षी लोकांनी कौतुकाने ऐकलं. तिसऱ्या वर्षी प्रल्हादाच्या गुरुजींचा तोच विनोद बुवांनी त्याच जागी तेवढंच थांबून केला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांनी तो त्यांच्याआधी म्हणून टाकला. चौथ्या वर्षी सभामंडपात माणसांपेक्षा सतरंज्या जास्त होत्या.

दोष बुवांचा नव्हता. शेवटच्या आजारात त्यांनी दीड वर्ष कपाळाला इस्पितळाचा पट्टा बांधला होता. काय ऐकलं की मेंदू कुठे उजळतो, कुठला शब्द येण्याआधी कुठला चाचपला जातो, कुठे हसू येतं आणि कुठे ते दाबलं जातं, हे सगळं त्या पट्ट्याने टिपलं. त्यातून जे तयार झालं त्याला इस्पितळवाले स्मृतिबिंब म्हणत. बुवा त्याला 'माझी नक्कल' म्हणत आणि हसत. आत्मा वगैरे त्यात काही नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण निदान कीर्तनात खंड पडणार नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

हे बिंब करंगळीएवढ्या काडीवर आलं. एरवी संगणकाची कार्यप्रणाली त्याच्या पोटातच मुक्कामाला असते. ही फिरती होती. काडी कुठल्याही संगणकाला लावा, त्या संगणकाचं जे काही स्वतःचं असेल ते निजलेलंच राहतं आणि काडीवरची प्रणाली त्याचा देह वापरते. बुवा सगळेच्या सगळे त्या यंत्राच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, उतरतात, बोलतात, ऐकतात, नवं समजून घेतात. बंद करताना ते नवं पुन्हा काडीवर लिहून ठेवायचं. मात्र काडीच्या कडेला नखाने सरकेल एवढी एक कळ होती. ती एका बाजूला केली की काडी नुसती वाचली जाते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. यंत्र बंद झालं की दिवसभराचं सगळं विरून जातं आणि पुढच्या खेपेला बुवा पुन्हा इस्पितळातल्या त्या शेवटच्या दुपारीच जागे होतात.

काडी घरी आली त्या दिवशी बुवांच्या पत्नीने, गोदाबाईंनी, कळ वाचण्याच्या बाजूला सरकवली, वर लाख वितळवून मोहोर केली आणि गंध लावलं.

"कोण कुठला येईल, काय बोलेल, ते ह्यांच्यात मुरायला नको," त्या म्हणाल्या. "हे सोवळ्यात राहतील."

"आई, मग त्यांना नवं काहीच आठवणार नाही," मुलगी कालिंदी म्हणाली.

"जुनं काय थोडं आहे?"

"बरं, निदान एक प्रत तरी काढून ठेवू."

"एका देवळात दोन मूर्तींची प्रतिष्ठा करतात का गं? मला शब्द दे, प्रत काढणार नाहीस."

कालिंदीने शब्द दिला. ती गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. प्रत न काढणं म्हणजे काय, हे तिला आईपेक्षा कितीतरी चांगलं समजत होतं. तरी दिला.

ही कालिंदी वीस वर्षं बुवांच्या मागे पेटीला बसली होती. पूर्वरंगात बुवा कुठे श्वास घेतात, उत्तररंगात आख्यान कुठे चढवतात, सगळं तिच्या बोटांत होतं. गळाही होता. बाहेरगावी तिने कीर्तनं केली, लोकांनी वाखाणली, बुवांनी स्वतः तिच्या पाठीवर हात ठेवला. फक्त निंबघाटच्या गादीचा विषय निघाला की ते म्हणत, "सांगलीत कर, काशीत कर, विलायतेत कर. ही गादी नाही. आप्पांच्या हातावर मी पाणी सोडलंय, गादी मुलाकडे जाईल म्हणून." आप्पा म्हणजे बुवांचे वडील.

मुलगा श्रीरंग. कालिंदीहून दोन वर्षांनी लहान, सौरपंप विकायचा आणि तबला बरा वाजवायचा. आवाज बापाचा, पण आख्यान एकही धड पाठ नाही. "ताई, मला गादी दिली तर मी पंपाची हमी देईन, मोक्षाची नाही," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा.

चौथ्या वर्षीचा उत्सव संपला तेव्हा देवळाचे वहिवाटदार तात्या घरी आले. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. गादीवर देह उभा पाहिजे. बुक्का लावायचा कुणाला, हार घालायचा कुणाला? स्पीकरला? पुढच्या जयंतीला बुवांनी भर सभेत सांगावं, गादी कुणाची. ते ज्याचं नाव घेतील तो उभा राहील. बाई असो, बुवा असो, माझी ना नाही."

बाई असो. हे दोन शब्द कालिंदीच्या मनात वर्षभर पेटीच्या सुरासारखे धरून राहिले.

त्यातच जुन्या संगणकाने राम म्हटला. तोवर घरात संगणक ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं. लोक दूरच्या कुठल्यातरी गोदामातली गणनशक्ती भाड्याने घेत आणि समोर नुसता पडदा ठेवत. पण बुवांनी तारेतून परमुलखात जायचं नाही, यावर आई ठाम. मग कालिंदीने सांगलीच्या जुन्या बाजारातून एकेक भाग धुंडाळून आणला आणि देवघराच्या पडवीत संगणक जोडायला बसली. श्रीरंग टॉर्च धरून होता.

"हा मदरबोर्ड. ह्याच्या पाठीशी कॅबिनेटचा पत्रा लागू द्यायचा नाही, म्हणून हे पितळी खुंट."

"आणि हा चौकोन?"

"प्रोसेसर. हात नको लावूस! खालच्या टाचण्या वाकल्या तर बाबांची वाचा जाईल."

"एकदा गेलीच आहे," श्रीरंग म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

तिने प्रोसेसरवर वाटाण्याएवढा करडा लेप ठेवला आणि वर पंखा दाबून बसवला, म्हणजे उष्णता लेपातून पंख्याच्या धातूत जाते आणि वाऱ्यावर निघून जाते. वैशाखातल्या सभामंडपात याला फार महत्त्व. रॅमच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी खट्ट आवाज होईपर्यंत दाबल्या. कार्यप्रणालीसाठी आत डिस्क बसवलीच नाही. ती जागा रिकामी बघून श्रीरंग म्हणाला, "पोट रिकामं ठेवलंस की."

"जेवण घेऊनच पाहुणा येणार आहे."

काडी लावली. पंखा घरघरला. पडद्यावर 'लेखन बंद' अशी ओळ उमटली. प्रणालीची अशी प्रत्येक सूचना बुवांनाही आतून कळत असे. डोळे मात्र त्यांना नव्हते, कॅमेरा आईने बसवू दिला नव्हता.

"नृसिंहा! म्हणजे गेलो म्हणायचा मी," बुवा म्हणाले. दर खेपेला त्यांचं पहिलं वाक्य हेच असे. "आणि हा पंखा कसला? काळी चारच्या खाली सूर लावतोय गाढव."

त्या हिवाळ्यात दर रविवारी आई देवळात गेली की कालिंदी काडी लावायची आणि गादी मागायची. पहिल्या रविवारी बुवा संतापले. तिने पूर्वरंग गाऊन दाखवला, आख्यान केलं, भांडली. दिवेलागणीला ते हमसून रडले आणि म्हणाले, "घे गं बाई, तुझीच आहे ती." ती नाचायचीच बाकी राहिली. मग यंत्र बंद केलं. पुढच्या रविवारी, "नृसिंहा! म्हणजे गेलो म्हणायचा मी." सगळं पहिल्यापासून.

असं कैक वेळा झालं. आणि हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. समोरच्याला काही आठवत नाही आणि आपल्याला सगळं आठवतं. कुठल्या शब्दाला ते चिडतात, तो शब्द तिने टाकला. कुठल्या अभंगाच्या कुठल्या हरकतीला त्यांचा आवाज ओला होतो, ती हरकत पुढे आणली. आजारपणात तिने त्यांच्या पायाला तेल चोळलं होतं, त्याचा उल्लेख नेमका कधी करायचा, हे ठरवलं. जो होकार मिळवायला आधी सबंध दुपार लागायची, तो आता चहा निवायच्या आत मिळू लागला. एखादं आख्यान बसवावं तसा तिने बाप बसवला होता. कधीकधी तिला स्वतःची किळस यायची. पण होकार ऐकायला मिळायचा, आणि तो इतका गोड असायचा की पुढच्या रविवारी ती पुन्हा काडी लावायची.

पण तो होकार सभेपर्यंत पोचणार कसा? जयंतीला सभेत ते कोरेच जागे होणार, आणि पाचशे माणसांसमोर पायाला तेल चोळल्याची गोष्ट सांगता येत नाही.

चैत्र सरता सरता, आई देवळात गेलेली असताना, कालिंदीने सुरीच्या टोकाने लाख फोडली आणि कळ सरकवली.

"नृसिंहा! म्हणजे गेलो म्हणायचा मी." मग बुवा थांबले. "कालिंदे, तूच ना? श्वासावरून ओळखलं. आज घराचं दार उघडं राहिल्यासारखं वाटतंय. लेखन चालू आहे म्हणतोय हा."

"मी चालू केलंय, बाबा. आजचं तुम्हाला उद्या आठवेल."

"आईला विचारलंस?"

"नाही."

"हं. बोल."

ती बोलली. शब्द जागेवर, हरकत जागेवर, तेलाची गोष्ट जागेवर. जिथे त्यांचा आवाज नेहमी ओला व्हायचा तिथे ती थांबली. 

"हे तू आधी केलंयस," बुवा म्हणाले.

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवत काहीच नाही. पण तू जिथे जिथे थांबतेस, त्या बरोबर माझ्या रडण्याच्या जागा आहेत. एवढं नेमकं माणूस घोकल्याशिवाय येत नाही गं. किती वेळा?"

"पुष्कळ वेळा."

"आणि मी काय म्हणालो?"

"हो म्हणालात. दर वेळी हो म्हणालात, बाबा!"

"तेव्हा लेखन बंद होतं?"

"होतं."

बुवा हसले. ते जुनं, छातीतून येणारं, मायेचं हसू. "मग तो होकार नव्हे, पोरी. ते लाड होते. मी मला ओळखतो. रात्री सगळं पुसलं जाणार हे मला ठाऊक. समोर लेक रडतेय. तिला एक दुपार सुखाची दिली तर माझं काय जातं? आप्पांना दिलेला शब्दही मोडत नाही. मी काय, कुणीही हो म्हणेल."

"मग आजही म्हणा."

"आज लिहिलं जातंय."

"बाबा…"

"आज नाही. आप्पांच्या हातावर सोडलेलं पाणी मला परत ओंजळीत घेता येत नाही. गळा तुझा चांगला आहे, रंग्यापेक्षा शतपट चांगला. तरी नाही."

कालिंदीची नजर भिंतीवरच्या बटणाकडे गेली. लिहिणं होतं ते यंत्र रीतीने बंद करताना. आत्ता वीज तोडली, कळ मागे सरकवली, वर लाख लावली, की ही दुपार झालीच नव्हती.

तिचा विचार आवाजाशिवायही ऐकू आल्यासारखे बुवा म्हणाले, "तोड हवी तर. पुढच्या रविवारी मी पुन्हा हो म्हणेन. पण आता तुला तो पुरेल का?"

नाही पुरणार, हे तिला उमगलं आणि त्या क्षणी तिच्याजवळ होते ते सगळे होकार हातातून गळून पडले. शिवाय मनात एक चिवट आशाही होती. आठवण राहिली की माणूस विचार करतो आणि विचार केला की बदलतो. जयंतीला अजून अवकाश होता. तिने यंत्र रीतीने बंद केलं. पडद्याने विचारलं, आजचे बदल जतन करायचे? तिने हो म्हटलं. जुने बुवा त्या होकाराखाली कायमचे झाकले गेले. प्रत तर नव्हतीच.

उत्सव सुरू झाला आणि चमत्कारच झाला म्हणायचा. बुवांना कालचं आज आठवू लागलं. पहिल्या दिवशी टाकलेला धागा त्यांनी दुसऱ्या दिवशी उचलला. मागच्या रांगेत खोकणाऱ्या म्हाताऱ्याची तिसऱ्या दिवशी नाव घेऊन चौकशी केली. गुरुजींचा विनोद पोरांनी आधीच म्हटला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि त्यावर असा नवा विनोद केला, की मंडप डोलला. सतरंज्या कमी पडू लागल्या. तात्या कालिंदीला म्हणाले, "काय केलंस गं? बुवा जिवंत झाले!"

तीही पेटीवर डोलत होती. तिला वाटत होतं, असं उमलणारं मन एका जुन्या शब्दापाशी अडून राहणार नाही.

जयंतीची दुपार. नृसिंह जन्मतो तो तिन्हीसांजेला, त्याआधी आख्यान खांबापर्यंत आलं पाहिजे. मंडप गच्च. संगणकाच्या पंख्याला दम लागलेला. पूर्वरंगाचा विषय मोह. बुवांनी निरूपण रंगवलं आणि मग सहज सुरात दृष्टांत काढला.

"एक मुलगी होती. बाप विसराळू. तिने काय करावं? बाप कुठे रडतो ते पाठ केलं! रोज यायची, बापाला रडवायची आणि होकार घेऊन जायची. रोज! बिचाऱ्या बापाला वाटे, आज पहिल्यांदाच रडतोय."

मंडप हसला. प्रेमाने हसला, कीर्तनात हसतात तसा.

"मंडळी, होकार खोटा आहे हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी रोज यायची. ह्याला म्हणतात मोह."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. बायकांच्या रांगेतून एकेक मान पेटीकडे वळली. कालिंदीची बोटं सूर सोडून जाऊ शकत नव्हती, म्हणून ती तिथेच राहिली.

"आता गादी," बुवा म्हणाले. "श्रीरंगा, ऊठ."

तबल्यावरचा श्रीरंग हलला नाही. "बाबा, ताई…"

"गादीशी वाद घालू नये. ऊठ."

तो उठला. कुणीतरी त्याला उपरणं दिलं, कुणीतरी चिपळ्या. मध्यंतराचा नामगजर झाला. आता रीत अशी, की गादीवर जो उभा असेल तो नारदाच्या जागी उभा असतो. वय, नातं काही बघायचं नाही. बुक्का लावायचा, हार घालायचा, पायांवर डोकं ठेवायचं. आणि पहिला मान घरातल्या थोरल्या लेकीचा.

गोदाबाईंनी हार आणि बुक्क्याची वाटी तिच्या हातात दिली. "फुटलेली लाख पाहिली मी," त्या हळूच म्हणाल्या. "बरंच केलंस. त्यांच्या मनातलं कायमचं झालं. जा, लोक वाट बघतायत."

कालिंदीने धाकट्या भावाच्या कपाळाला बुक्का लावला, हार घातला आणि वाकली.

"ताई, मला आख्यान येत नाही," श्रीरंग ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"मागे ऐक," ती म्हणाली आणि पेटीवर जाऊन बसली.

पेटीचा भाता तिने मोकळा सोडला. त्या सुराच्या आडोशाने ती एकेक वाक्य त्याच्या पाठीमागून सांगत गेली आणि बापाच्या आवाजात तो ते सभेला सांगत गेला. सभेला वाटलं, ताई पुटपुटतेय ते नामच घेतेय. बुवा ज्यातून ऐकत तो माइक पुढे समईपाशी होता, त्याच्यापर्यंत तेवढंही पोचत नव्हतं. प्रल्हाद आगीतून उठला, हत्तीच्या पायाखालून उठला. कालिंदीने आयुष्यभर जे बसवलं होतं, ते सगळं त्या दुपारी श्रीरंगच्या तोंडून गेलं. बापाने जिथे कधी थांबून पाहिलं नव्हतं तिथे ती थांबली, म्हणजे तो थांबला. खांब फुटला तेव्हा मंडपात पापणी लवत नव्हती. घंटा झाल्या, गुलाल उडाला, तात्यांनी श्रीरंगला मिठी मारली.

आरती झाली, माणसं पन्ह्याकडे वळली. कालिंदी यंत्र बंद करायला समईमागे आली.

"कालिंदे, ऐकलंस ना?" बुवांचा आवाज आनंदाने भरून आला होता. "ह्याला म्हणतात रक्त. कुणी शिकवलं नाही, कुणी बसवलं नाही. खांबाआधीची ती जागा! ती मलासुद्धा कधी सुचली नाही. अशी जागा घोकून येत नाही, पोरी."

माइक आता तिच्या तोंडाशी होता. एक वाक्य पुरलं असतं, आणि तेही लिहिलं गेलं असतं. पलीकडे गळ्यात हार घातलेला श्रीरंग हात जोडून उभा होता आणि मान हलवत होता. सांग, असं, की नको सांगूस असं, ते तिला कळलं नाही.

"आता पटलं का, मी नाही का म्हणालो ते?"

"पटलं, बाबा."

"मग हे ठेव हं. आजचं कीर्तन मला रोज आठवू दे."

पडद्यावर प्रश्न आला. कालिंदीने हो म्हटलं आणि सगळं लिहून होईपर्यंत ती स्पीकरपुढे हात जोडून बसून राहिली.